आत्याकडं

खडकतळे, ता. पाथर्डी
३ मे

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

पोचले. तुझी ताकीद होती म्हणून लगेच कळवतेय, नाहीतर इथे पेन धरायला हात मोकळा नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचायचं म्हटलं की तू चष्म्यावर चिडतेस, म्हणून आपला हा पत्रांचा कारभार. इथे तसंही मारुतीच्या पारावर उभं राहिलं तरच रेंज मिळते. तेव्हा तुझाच हेका बरोबर निघाला असं समज आणि खूश हो.

शाळा जिल्हा परिषदेची. दोन खोल्या आणि पत्र्याची ओसरी. कानिफनाथ गुरुजींनी किल्ली हातात ठेवली, "बाई, पंखा फिरतो पण वारा देत न्हाई," एवढं सांगितलं आणि ते सुट्टीला निघून गेले. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो. तो आला की वर्ग आपोआप सुटतो, कारण सगळी पोरं हंडे घेऊन पळतात. मीही पळते.

नगरच्या माझ्या शाळेतले लोक मला विचारत होते, सुट्टीत कशाला त्या पोरांच्या मागे? त्यांनी इथे येऊन बघावं. दसरा झाला की इथले आईबाप ऊस तोडायला कारखान्यांवर जातात आणि पोरांना बरोबर नेतात. अर्धं वर्ष फडात जातं. पावसाळ्यात पोरं शाळेत बसतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मागचं भरून काढायला उरतो तो उन्हाळा, आणि उन्हाळ्यात शाळेला कुलूप!

अपूर्णांक शिकवताना भाकरी घे, असं तू सांगितलं होतंस. घेतली. अर्धी करून दाखवली आणि विचारलं, आणखी कशाचं अर्धं होतं? मोनिका नावाची मुलगी उठली आणि म्हणाली, "कोयत्याचं." मी म्हटलं, कोयता अर्धा केला तर ऊस तोडायचा कशानं? सगळी मलाच हसली. मग तिनं मला शिकवलं. "नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता, बाई. एकला गडी असंल तर अर्धा कोयता. मुकादम अर्ध्या कोयत्याला लवकर घेत न्हाई." मी विचारलं, मग तुम्ही पोरं किती? तर म्हणाली, "आमाला कुनी मोजत न्हाई."

तेरा वर्षांची आहे. आठवीत जाणार, म्हणजे जाऊ दिलं तर. गणित तिला असं येतं की मला तुझी आठवण झाली. अक्षरही सुरेख. या पाकिटावरचा पत्ता तिनंच लिहिलाय. बघ, पोस्टमन पहिल्यांदाच न कुरकुरता देईल.

तुझी,
स्टेला

*

नगर
८ मे

बाळ स्टेला,
सलाम.

पाकीट बघून मला वाटलं भाचीचं अक्षर सुधारलं. उघडलं तर आत तेच मुंग्यांचं वारूळ. त्या मोनिकाला सांग, सगळं पत्रच तू लिहीत जा.

माझे कान गेले, डोळे जायच्या वाटेवर आहेत, जीभ मात्र देवानं शाबूत ठेवली, म्हणून सुनील आणि त्याची बायको अजून बिचकून असतात. शेजारी असावा तर असा, नागापूरच्या कंपनीतून दमून येतो तरी माझं दूध आणायला चुकत नाही. त्याच्या समर्थला या सुट्टीत तीन शिबिरं लावली आहेत. सकाळी स्केटिंग, दुपारी रोबो का काय ते, संध्याकाळी व्यक्तिमत्त्व विकास. पोराचं व्यक्तिमत्त्व संध्याकाळपर्यंत इतकं दमलेलं असतं की जेवताना झोपतं. मी हसते, पण पोरगं शिकतंय हे खरं. सुट्टी लागली की आपली पोरं चार पावलं पुढे जातात आणि तुझी ती पोरं होती तिथून मागे सरकतात. चाळीस वर्षं शिकवून मला एवढंच कळलं की फरक शाळेत पडत नाही, सुट्टीत पडतो.

आता कामाचं. तुझं ते "जाऊ दिलं तर" माझ्या घशात अडकलंय. दसऱ्याला तिचे आईबाप निघाले की पोरगी पुन्हा फडात जाणार आणि तू पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भाकरी मोडत बसणार. तिला माझ्याकडे पाठव. आतली खोली रिकामी आहे. शाळा कोपऱ्यावर, मुख्याध्यापिका माझ्या हाताखाली शिकलेली. मला एक माणूस घरात होईल, तिला शाळा होईल.

तिच्या आईला जाऊन विचार. पण सरळ विचार. तुला सवय आहे, अर्धं बोलायचं आणि अर्धं समोरच्यानं समजून घ्यायचं.

तुझी आत्या,
सारा

*

खडकतळे
१३ मे

प्रिय आत्या,
सलाम. आनंदाची बातमी आधी सांगते. मोनिका तुझ्याकडे येणार!

तुझं पत्र आल्यावर मी आधी तिलाच विचारलं. म्हटलं, माझी आत्या नगरला राहते, तिच्याकडे राहून शिकशील का? ती उठली. फळा पुसायला लागली आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिली. मग म्हणाली, "आत्या मारती का?" मी म्हटलं, हात लावत नाही, जिभेनंच मारते. तेव्हा हसली.

काल तिच्या घरी गेले. आई राहीबाई, बाप भीमा. राहीबाई दारात गोधडी शिवत बसल्या होत्या. बोलायला गोड बाई, पण हल्ली चेहरा उतरलेला असतो. मी सारखी मनात वाक्यं जुळवत होते, या बाईला वाईट वाटेल, पोरगी तोडतात असं वाटेल. शेवटी म्हटलं, "राहीबाई, मोनिकाला आत्याकडं पाठवाल का? सुखात राहील. काही कमी पडणार नाही तिला."

सुई तशीच थांबली. आत भीमाकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "तुमाला कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, मोनिकाशीच बोलणं झालंय.

"ती व्हय म्हनली?"

"हो. खुशीत आहे."

त्यांनी सुई गोधडीत खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "मंग काय, बाई. आत्याकडंच जायाचंय तिला. ठरलं म्हनायचं." आणि पदर डोळ्याला लावला. मलाही भरून आलं. कोणत्या आईला सोपं असतं? मी शाळेचं, खोलीचं सगळं सांगणार होते, पण मोनिकानं घरी आधीच सांगितलेलं दिसलं, आणि त्या रडताना मला बोलत सुटणं बरं वाटेना. निघताना त्यांनी माझा हात धरला. "गावात बोलू नका कुठं. लोकं वाईट हायेत." लोकांना मत्सर वाटेल म्हणून म्हणत असतील. मी शब्द दिलाय. घरमालकीण रतनबाईलासुद्धा बोलले नाही.

तुझी,
स्टेला

ता. क. पत्ता अर्थात मोनिकाचाच.

*

नगर
१७ मे

बाळ स्टेला,
सलाम.

"ठरलं" म्हणतेस, जसं काही पोरीचं लग्नच ठरलं! मी पत्र वाचलं आणि लग्नघर असल्यासारखी कामाला लागले. आतली खोली रिकामी म्हणून सांगितलं होतं तुला, पण त्यात जुनी मासिकं, तुझ्या बाबांची सतार आणि एक मोडका पंखा होता. सुनीलनं सगळं माळ्यावर टाकलं. खाट काढून उन्हात ठेवली. टेबल नाही, पण शिवणयंत्राचं लाकूड मोठं आहे, त्यावर लिहील.

एकच काळजी आहे. तिनं हाक मारली तर मला ऐकू येणार नाही. म्हणून पाटी आणून ठेवली. रागावली तर पाटीवर लिहायचं, भूक लागली तर पाटीवर लिहायचं. माझं उत्तर मात्र तोंडीच मिळेल.

बाजरीची भाकरी मला नीट थापता येत नाही, ते तिला आधीच सांग, म्हणजे अपेक्षा ठेवून यायची नाही.

शाळेत नाव घालायचं जूनमध्ये. तोवर घाई करू नकोस, वर्ग पूर्ण होऊ दे. दसरा लांब आहे. उन्हाळाभर पोरगी तुझ्या डोळ्यांसमोर आहे, कुठे जाते?

तुझी आत्या

*

खडकतळे
२६ मे

प्रिय आत्या,
सलाम.

तुझं पत्र मी मोनिकाला वाचून दाखवलं. बाबांची सतार म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि म्हणाली, "खाट खिडकीजवळ ठिवा म्हनावं." तेव्हा खाट खिडकीजवळ ठेव.

वर्ग रंगलाय. गेल्या आठवड्यात नकाशा केला. ज्या पोरांनी नगर शहर पाहिलं नाही त्यांना कोल्हापूर, सांगली, थेट बेळगावपर्यंतचे कारखाने पाठ आहेत. ओसरीच्या फरशीवर खडूनं अख्खा नकाशा काढला. मोनिकानं त्यात खडकतळ्यापासून नगरपर्यंत एक रेघ ओढली आणि शेवटी खिडकी काढली. घर नाही, नुसती खिडकी.

गेले तीन दिवस मात्र ती आली नाही. काल राहीबाईंना विचारायला गेले, तर त्या भांडी घासता घासता, वर न बघता म्हणाल्या, "आत्याकडं गेली." क्षणभर मला वाटलं तुझ्याकडेच आली की काय! पण तुझा पत्ता तिला पाठ असला तरी एकटी कशी येईल? मग लक्षात आलं, तिची सख्खी आत्या असेल. शेवगावकडे दिली आहे म्हणे. तुझ्याकडे यायच्या आधी चार दिवस राहून येत असेल. सुट्टीत पोरं मामाकडे जातात, ही आत्याकडे गेली, एवढंच.

ती नसली की वर्गात उत्तरं यायला वेळ लागतो. आज पाकिटावर माझंच अक्षर आहे, पोस्टमनची माफी माग.

तुझी,
स्टेला

*

नगर
३० मे

स्टेला,

हे पत्र सुनीलच्या हाती पाठवतेय. कालपासून तो तुला फोन लावतोय, लागत नाही. त्यानं आज रजा टाकली आहे. वाचून होईपर्यंत त्याला चहा विचारत बसू नकोस. वाच आणि नीघ.

तू राहीबाईला काय विचारलंस ते मी तुझ्या जुन्या पत्रात पुन्हा काढून वाचलं. "आत्याकडं पाठवाल का." माझ्या आत्याकडे असं तू म्हटलं नाहीस. नगरला म्हटलं नाहीस. शाळा हा शब्दच नाही.

अगं, तिकडे मुलगी आत्याच्या मुलाला देतात. पहिला हक्क आत्याचा असतो. आणि आत्याच्या घरी नसली दिली तरी सासूला आत्याच म्हणतात. माझी आई जन्मभर सासूला आत्या म्हणत आली आणि मी ते वाचून हसले! "लग्नच ठरलं" असं माझ्या हातानं लिहिलं. पाटी आणत बसले.

आत्या कुठे राहते ते गाव राहीबाईकडून काढ. १०९८ वर, मुलांच्या मदतीच्या नंबरवर, सुनील वाटेतून फोन करतोय, तूही पारावर जाऊन कर. गावात बोलू नका म्हणाली तो शब्द मोडला असं समज. सगळ्यांना विचार. अजून झालं नसेल तर थांबवता येईल.

सारा

*

खडकतळे
८ जून

मायना लिहायला दोनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं. तो शब्द हातून लिहवत नाही. रागावू नकोस.

सुनीलभाऊंनी तुला कागदावर लिहून दाखवलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐकायचा तुझा हक्क आहे. लग्न आधीच झालं होतं. ती वर्गात यायची थांबली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शेवगावच्या बाजूला, घरातल्या घरात. मी तुला नकाशाचं कौतुक लिहीत होते तेव्हा होऊन गेलं होतं.

सुनीलभाऊ पत्र घेऊन आले त्या दिवशी मी राहीबाईंवर ओरडले. खोटं का बोललात, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "खोटं कुठं बोलले, बाई? आत्याकडंच गेली ती." मग खाली बसल्या आणि जे बोलल्या ते मी तुला तसंच लिहिते, कारण ते मला एकटीला पेलत नाही.

"ननंदंचं पोरगं एकलं हुतं. अर्धा कोयता. मुकादम घेईना. तवा ती माज्या पोरीसाठी हटून बसली. मी दोन साल अडवून धरलं हुतं. म्हनलं, अठरा न्हाई तर सोळा तरी व्हऊ द्या. घरात रोज भांडान. मंग तुमी आल्या. तुमी म्हनल्या, आत्याकडं पाठवा, सुखात ऱ्हाईल. पोरगी खुशीत हाय म्हनल्या. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई सांगतीया, मंग माजंच चुकत आसंल. त्याच राती मी व्हय म्हनले."

मी त्यांना सांगितलं, मी नगरच्या माझ्या आत्याबद्दल विचारत होते. शाळेसाठी. त्या म्हणाल्या, "मंग तसं सरळ का न्हाई बोलल्या, बाई?"

तूही तेच सांगितलं होतंस.

आणखी एक आहे. निघायच्या दिवशी भीमा म्हणाला, चल, आत्याकडं जायचंय. मोनिका टुणकन उठली. वह्या, पट्टी, खडूचे तुकडे सगळं पिशवीत भरलं. दारात आईला विचारलं, "नगर किती लांब हाय गं?" राहीबाई म्हणाल्या, "नगरला कोन चाललंय?" पोरगी तिथंच उभी राहिली. रडली नाही म्हणतात. पिशवी दारात ठेवली आणि बापाच्या मागं गेली. ती पिशवी आता माझ्याकडे आहे.

पोलिसांत तक्रार दिली. लोक आले, गेले, जबाब झाले. आत्याच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणतात पोरगी अठराची आहे, कुठे गेली माहीत नाही. भीमा माझ्याशी बोलत नाही. गावानं पोरांना वर्गात पाठवायचं बंद केलं, तक्रार करणाऱ्या बाईकडे कोण पाठवणार? फरशीवरचा नकाशा अजून आहे. मी झाडत नाही.

सोमवारी शाळा उघडेल, गुरुजी येतील. किल्ली देऊन मी परत येते. पुढच्या उन्हाळ्याचं मला विचारू नकोस. मी दोन भाकऱ्या मोडून अर्धं-अर्धं शिकवलं आणि एका पोरीला अर्ध्या कोयत्याला जोडून दिलं.

स्टेला

*

नगर
२२ नोव्हेंबर

बाळ स्टेला,
सलाम.

तू पुण्याला बदली घेतलीस, फोन सुनीलकडे करतेस, मला लिहीत नाहीस. मी समजून आहे. तुला मायना सुचत नाही, म्हणून मी वाट पाहत होते. पण आता वाट पाहता येणार नाही.

गेल्या आठवड्यात पोस्टमन आला आणि न कुरकुरता एक कार्ड देऊन गेला. दारातच पत्ता बघितला. ते अक्षर मी ओळखते. जसंच्या तसं उतरवून देते, शुद्धलेखन सुधारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

"नगरच्या आत्यास नमस्कार. मी मोनिका. तुमी मला पाहिलं न्हाई. मी फडावर हाय. गावाचं नाव ठावं न्हाई, पाटी दिसत न्हाई. आमचा कोयता पुरा झाला. मी मोळ्या बांधती. टेम्पोवाल्या काकानी कार्ड आनून दिलं. स्टेला बाईंना सांगा, मी रोज ट्रकाच्या नंबराची बेरीज करती, इसरली न्हाई. बाई रागावल्यात का? मी न सांगता गेले. उन्हाळ्यात वर्ग हाय का? मला सोडतील का ठावं न्हाई. पर खाट दुसऱ्या कुनाला देऊ नका."

शिक्का पुसट आहे. भिंग लावून बघितलं, सुनीलनं मोबाईलवर मोठं करून बघितलं. एकच अक्षर लागतं, "को". कोल्हापूर की कोपरगाव की आणखी काही, कुणाला ठाऊक. कार्डाची नक्कल सुनीलनं तक्रारीच्या कागदांना जोडून दिली. पोलीस म्हणाले, बघतो. तिथवर कुणी जाईल असं मला वाटत नाही. तुला खोटी आशा दाखवणार नाही.

पण ऐक. चूक तुझी आहे आणि माझीही आहे, आणि त्या दोन्ही मिळून जेवढ्या होतात त्याहून मोठं काहीतरी तिच्या डोक्यावर पडलंय. ती मात्र विचारते, बाई रागावल्यात का. तिला उत्तर पाठवायला पत्ता नाही. उत्तर द्यायची एकच जागा आहे, खडकतळ्याची ओसरी, मे महिन्यात. ती येईल की नाही देव जाणे. नाही आली तर दुसऱ्या येतील, ज्यांचं अजून ठरलेलं नाही. गुरुजींना मी पत्र टाकलंय, किल्ली देतो म्हणाले. गाव पोरं पाठवणार नाही असं तू म्हणशील. पण गुरुजी लिहितात, दसऱ्याला निघतानाच राहीबाईनं पाठवायचं कबूल केलंय. तिची धाकटी, मोनिकाची बहीण.

या वेळी मीही येते. कान नाहीत, पण बोलणं सरळ आहे माझं.

खाट खिडकीजवळच आहे. त्यावर मी काहीच ठेवत नाही, वाळवणसुद्धा नाही.

आणि मायन्याचं म्हणशील, तर तिनं सोडवलाय तो प्रश्न. नुसतं आत्या म्हणू नकोस मला. ती म्हणते तसं म्हण.

तुझी,
नगरची आत्या